कारखाना नसलेल्या फॅक्टरी आउटलेटचा इतिहास

प्रिय दामू,

'प्रिय' लिहिताना आज हात अडखळला, पण धाकट्या भावाला दुसरं काय लिहायचं? तुझ्या वर्षश्राद्धाला तुझा निलेश जव्हारच्या दुकानात तुझा इतिहास भिंतीवर लावणार आहे. मला म्हणाला, "आत्या, तू शाळेत मराठी शिकवलंस, पप्पांवर चार भारदस्त ओळी लिहून दे ना." परवापर्यंत लिहिणारही होते. काल वांगणीला जे झालं, त्यानंतर भिंतीसाठी लिहिणार नाही. तुलाच लिहितेय. ऐकून घे. गिऱ्हाईक आलंय म्हणून आता पळता यायचं नाही!

निलेशनं मथळा आधीच काढून ठेवलाय: 'फॅक्टरी आउटलेट शॉपिंग सेंटरची साखळी, एका द्रष्ट्या उद्योजकाची वाटचाल.' द्रष्टा! अरे, तुला चष्म्याशिवाय समोरचं लेबल वाचता येत नव्हतं. आणि फॅक्टरी कुठं होती रे? कुणी पाहिली? भिवंडीच्या गोदामातून किलोवर उचललेले गठ्ठे, एक बाही लांब, एक आखूड, मानेवरचं लेबल कातरीनं उडवलेलं. हा तुझा कारखाना!

सुरुवातीचा दामू मात्र मला फार आवडायचा, हे कबूल करते. एसटीच्या टपावर गठ्ठा चढवून मोखाड्याच्या बाजाराला जायचास. ताडपत्री अंथरून ओरडायचास, "बाही लांब आहे मावशी, दुमडून घाला! पोराला वाढायला जागा!" खोट आधी सांगायचास, मग विकायचास. लोक हसत हसत घ्यायचे. शाळा सुटली की मी मुद्दाम त्या बाजूनं यायचे आणि पदर तोंडाला लावून हसायचे. किती बरं वाटायचं तुझ्याकडे बघून!

मग जव्हारला गाळा झाला. पाठोपाठ मोखाडा, विक्रमगड, वाडा. प्रत्येक गाळ्यावर ही लांबलचक पाटी, 'फॅक्टरी आउटलेट शॉपिंग सेंटर'. आत तीन पंखे आणि एक तडकलेला आरसा. कसलं डोंबलाचं सेंटर! पण पाटी चढली आणि तुझं खोट सांगणं बंद पडलं. 'कंपनीचा माल आहे' एवढंच तोंडात. कुठल्या कंपनीचा, विचारलं की दुकानातल्या पोरी गालातल्या गालात हसायच्या. तूच शिकवलं होतंस त्यांना.

'एकावर दोन फ्री' आठवतंय? वावर गावचा एक म्हातारा आला होता. म्हणाला, "शेठ, मला आंग येकच हाय. येकच दे, नि दाम कमी कर." किती सरळ हिशेब! तू त्याला चारचौघांत वेड्यात काढलंस. पुढच्या बाजाराला तोच म्हातारा दोन शेजारी घेऊन आला, तिघांनी मिळून एक ऑफर घेतली आणि शर्ट वाटून घेतले. शिमग्याला तिन्ही घरचे कर्ते पुरुष एकाच चौकडीच्या शर्टात नाचले. काय झकास दिसत होतं ते! तुझ्या मात्र पोटात दुखलं. लगेच दुसरी पाटी लावलीस, 'ऑफर एकाच कुटुंबासाठी, रेशनकार्ड दाखवा.' शर्टाला रेशनकार्ड, दामू? मी बोलले तर म्हणालास, "ताई, तुला धंद्यातलं कळत नाही." नसेल कळत. हलकटपणा कळतो.

आता कालचं ऐक. निलेशनं तुझ्या नावानं जव्हारजवळच्या वांगणीत वस्त्रदान ठरवलं. "आत्या, तिथं तुला सगळे ओळखतात. तू नुसती उभी राहा." माझी निम्मी नोकरी त्या गावात गेली. म्हटलं, दामूच्या नावानं कुणाच्या अंगावर धड कपडा चढेल, जाऊ या. गठ्ठा तिथं गेल्यावर सुटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारही दुकानांत न खपलेला गाळ. गुंड्या नसलेले शर्ट, गोदामात भिजून डाग पडलेले, उंदरांनी कुरतडलेले. आणि फोटोवाला म्हणतोय, "हसा, हसा!"

सगळ्यात पुढे जानी होती. पहिलीत माझ्या बोटाला धरून बसायची ती. आता तिची लेक शाळेत जाते, तरी मला बघितलं की लांबून 'बाई, बाई' करत येते. तिनं शर्ट उलटा केला, भोकात बोट घातलं, नीट घडी केली आणि माझ्या हातात परत ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निलेशला म्हणाली, "शेठ जिता व्हता तवा इकत दिलं. मेल्यावर फुकट देतो काय? नको आमाला. शेठच्या बहिनीला सांगा, घेऊन जा म्हनावं."

शेठची बहीण! दामू, त्या गावात मी आजवर फक्त बाई होते. तुझी कोण, हे तिथं कुणी कधी विचारलं नव्हतं. मग बाकीच्यांनीही एकेक करून कपडे माझ्यासमोर आणून ठेवले. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

गाडीत निलेश फणकारला, "या लोकांना कशाची किंमतच नाही." हुबेहूब तुझा आवाज. घरी आले आणि ढसाढसा रडले. तुझ्यासाठी नाही, फुशारू नकोस. बरं, थोडी तुझ्यासाठीही. ताडपत्रीवरच्या त्या दामूसाठी. बाकीच्या तुझी मला किळस येते, आणि तू नाहीस म्हणून ती लपवायची, हे माझ्यानं होणार नाही.

निलेशला आज सकाळी सांगितलं, भिंतीवर माझी एक ओळ येणार नाही. तो रुसलाय. रुसू दे.

तुला एक वचन देते. तुझ्या नावाचा गठ्ठा पुन्हा कुणाच्या दारात सुटू देणार नाही, त्यासाठी तुझ्या पोराशी भांडावं लागलं तरी भांडेन. आणि शिमग्याला वांगणीला जाईन. एकटी जाईन, रिकाम्या हातानं. जानीनं बस म्हटलं तर बसेन. नाही म्हटलं, तर अंगणाबाहेर उभी राहीन. पण जाईन.

तुझी,
ताई