मावशीच्या खिडकीवरची गरम हवा

आई,

गल्लीपलीकडची मावशी वाचली. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर बाकी काही ऐकून घेण्याआधी तेच विचारलं असतंस. आपण दोघी बोलायचो वऱ्हाडीतच, पण लिहायला बसले की माझ्या हातून ही बँकेतली, पुस्तकातली भाषा येते. त्याला इलाज नाही. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुझे काही शब्द तेवढे आठवतात, सगळा आवाज आठवत नाही. तरी मेमध्ये तुझ्या दवाखान्यात, तुझ्याच जुन्या वॉर्डात मावशीच्या पायाशी बसले होते तेव्हा वाटलं, आता तू ड्यूटी संपवून येशील, रुमालानं मान पुसत, आणि विचारशील, की ही इथे कशी आली. ते कुणीतरी तुला सांगायला हवं, आणि माझ्याशिवाय ते कुणाला नीट माहीत नाही.

अकोल्याचं ऊन तुला काय सांगायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझा डबा घेऊन वॉर्डात यायचे तेव्हा खाटांवर हमाल असायचे, वीटभट्टीवरचे मजूर असायचे, एकदा एक एसटीचा कंडक्टर होता. तू ओल्या चादरी पिळत असायचीस, फडक्यात बर्फ बांधून माणसांच्या काखेत ठेवायचीस, आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतणाऱ्या नातेवाइकांवर खेकसायचीस. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ते सगळं बघायचे. मला तेव्हा पक्कं वाटायचं की ऊन बाहेर असतं, आणि बाहेर जावं लागणाऱ्या माणसांनाच ते लागतं.

आपल्या त्या दोन खोल्यांत तू पहिला कूलर आणलास तेव्हा गल्लीत कुणाकडेच नव्हता. बँकेच्या परीक्षेचा माझा अभ्यास सुरू होता, म्हणून तू त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून आणल्यास. पगार व्हायचा होता, तरी आणल्यास. पाणी सुरू केलं की खोलीभर ओल्या मातीसारखा वास सुटायचा. दुपारी गल्लीपलीकडच्या मावशीची दोन्ही मुलं येऊन कूलरसमोर पसरायची, आणि मावशीही पापडाचं पीठ मांडीवर घेऊन दारात बसायची. एका दुपारी मी अभ्यासाचं कारण सांगून आतून कडी लावली. तू ड्यूटीवरून आलीस तेव्हा मुलं बाहेर कडुनिंबाखाली बसलेली होती. तू मला मारलं नाहीस. दार उघडून त्यांना आत घेतलंस, आणि हात धुता धुता म्हणालीस, "लेकरायले बाहेर ठेवून तू हवा खाऊन राहिली? कूलर माया पगाराचा हाये. हवा बी माया पगाराची हाये का?" मावशी मधे पडली, म्हणाली, जाऊ द्या बाई, पोरगी अभ्यास करून राहिली. मला तुझ्यापेक्षा मावशीचाच राग आला होता. तिने माझी बाजू घ्यावी हे मला कमीपणाचं वाटलं होतं.

तू गेल्यावर आम्ही ती जागा पाडून दोन मजल्यांचं घर बांधलं. कर्ज माझ्या बँकेचं, नकाशा तुझ्या जावयाच्या मित्राचा. कडुनिंब मधे येत होता. त्याची मुळं पाण्याच्या टाक्याखाली जातील, गाडी लावायला जागा राहणार नाही, पाला सारखा गच्चीवर पडेल, असं तिघाचौघांनी सांगितलं आणि मी हो म्हटलं. तोडायला माणसं आली त्या दिवशी मावशी पदर खोचून फांद्यांमधून फिरत पाला गोळा करत होती, गव्हात घालायला. एका शब्दाने बोलली नाही. मी तिला चहा नेऊन दिला, आणि बरं झालं, हिला काही वाटलं नाही, असं मनाशी म्हटलं.

मग एसी आले. आधी आमच्या खोलीत एक, मग सासूबाईंच्या खोलीत, मग खालच्या बैठकीत. जठारपेठेतल्या दुकानातून बसवणारा माणूस आला तेव्हा गरम हवा फेकणारे बाहेरचे डबे कुठे लावायचे हा प्रश्न निघाला. समोरून घर वाईट दिसेल म्हणून आम्ही ते गल्लीकडच्या भिंतीला लावायला सांगितले. गल्ली तुला ठाऊक आहे, समोरून सायकल आली की आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. त्या भिंतीच्या समोरच मावशीची खिडकी आहे, आणि मावशीचं घर अजून टिनाचंच आहे. मुलगा पुण्याला कंपनीत लागला, मुलगी दर्यापूरला दिली. ती एकटी पापड, शेवया, कुरडया करून राहते. आमचे तीन डबे सुरू झाले की गल्लीत भट्टीचं तोंड उघडल्यासारखं होतं. त्याच उन्हाळ्यात तिने खिडकीला ओलं तरट टांगलं. उन्हासाठी असेल, असं मी समजले. खरं म्हणजे त्या खिडकीवर ऊन येतच नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा कुरडया द्यायला आली तेव्हा ती म्हणालीही, की तुमच्या मशीनची हवा लय गरम लागते वो. मी म्हटलं, त्या माणसाला सांगते. सांगितलं नाही. पुढचा उन्हाळा आला, त्याच्या पुढचाही आला.

या मेमध्ये एका दुपारी मी नणंदेसाठी सांगितलेल्या कुरडया आणायला गेले. दार लोटलेलं होतं. मावशी जमिनीवर पडलेली, हात तापलेल्या तव्यासारखा, अंगाला घामाचा टिपूस नाही. मला बघून ती म्हणाली, "बाई, ड्यूटी झाली का तुमची?" आई, ती मला तू समजत होती. मी ओरडून ह्यांना बोलावलं आणि आम्ही दोघांनी तिला उचलून आमच्या बैठकीत आणलं, कारण सगळ्यात गार जागा तीच होती. चादर भिजवली, पंखा लावला, फ्रिजमधला बर्फ काखेत आणि मानेला बांधला. स्टुलावर बसून पाहिलेलं सगळं हाताला आठवत होतं. आणि मी हे करत असताना आमची तीनही मशीनं सुरू होती आणि त्यांची सगळी गरम हवा मावशीच्या रिकाम्या घरात जात होती. हे मला त्याच वेळी कळलं असं म्हणणार नाही. ते तिला दवाखान्यात नेल्यावर कळलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजी उन्हात गेल्या होत्या का? मी म्हटलं, नाही, घरातच होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं, घरात काय करत होत्या? काही नाही, म्हटलं, बसल्या होत्या. त्यांनी ते लिहून घेतलं.

वॉर्डात आता मोठे कूलर आहेत, भिंती गुलाबी झाल्यात. मुलगा पुण्याहून आला, दोन दिवस राहून रजा संपली म्हणून परत गेला. मग दर्यापूरची मुलगी आणि मी आळीपाळीने बसायचो. मावशी नीट शुद्धीवर आली त्या दुपारी मी एकटीच होते. मी तिला म्हटलं, मावशी, तू मला नीट सांगायचं होतंस ना. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुया मायले म्हटलं असतं मी. तिले काहीबी म्हणता येत होतं. तुले म्हणायले जीभ उचलत नव्हती." मी रडायला लागले तशी तिने माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी लहान असल्यासारखी समजूत काढत म्हणाली, "कावून रडतं? मशीन बंद कर असं मी नाही म्हणत. तुयी लेकरं अभ्यास करतात. फक्त त्याचं तोंड दुसरीकडे फिरवता येते का, ते पाह्य."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की डबे गच्चीवर न्यायचे. ते चिडले. वाईट माणूस नाहीत ते, तुला माहीत आहे. पण म्हणाले, दुनियाभराची गरमी आपल्याच घरातून निघून राहिली का? मी म्हटलं, दुनियेचं मला माहीत नाही, मावशीच्या घरातली आपल्या घरातून निघते. ते जेवायचे थांबले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या माणसाला फोन केला. पाइप लांबवावे लागले, भिंतीला नवी भोकं पडली. डबे काढल्यावर भिंतीवर तीन काळे चौकोन उरले आहेत.

आमच्या भागात घरोघर फिरणाऱ्या, आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई मावशीची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की टिनावर पांढरा चुना दिला तर ऊन बरंचसं परत फिरतं. रविवारी मी आणि माझी मुलगी शिडी लावून चढलो, चुन्यात डिंक कालवला आणि दोन हात दिले. गल्लीतले लोक हसत होते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावशीच्या घरात उभं राहून मी हात उंचावून टिन चाचपलं. तापलेलं होतं, पण हात ठेवता येत होता. शेजारच्या घरचा रंगारी बघून गेला, त्याने आपलं छत केलं, मग पलीकडच्यांनी केलं. आता आमच्या गच्चीवरून पाहिलं की खाली वाळवण घातल्यासारखी पांढरी छतं दिसतात. पहिल्या जोराच्या पावसात निम्मा चुना धुऊन गेला, तो पुढच्या फाल्गुनात पुन्हा द्यावा लागेल. कडुनिंबाची तीन रोपं लावली. एक शेळीनं खाल्लं, एक वाळलं, एक गुडघ्याएवढं झालंय. त्याची सावली पडेपर्यंत, तू गेलीस त्या वयाची मी होईन.

उन्हाळा संपेपर्यंत दुपारच्या वेळी खालची बैठक उघडी ठेवली. वरची दोन्ही मशीनं बंद, ते एकच सुरू, आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या, लहान लेकरांच्या बाया तिथे येऊन बसायच्या. सासूबाईंनाही सोबत झाली. हे ऐकून तुला बरं वाटेल, म्हणून खरं तेही सांगते. मला ते दर वेळी आवडायचंच असं नाही. सोफ्यावर तेलाचे डाग पडले, कुणाचं पोर परद्याला लोंबकळायचं. सुट्टीच्या दिवशी मला माझ्याच घरात पाय पसरता यायचे नाहीत. तोंडावर हसून मी आत जाऊन भांडी आपटायचे. तू कशी करत होतीस, तुलाही असं व्हायचं का, हे विचारायचं राहून गेलं.

मावशी घरी आली, पण पहिल्यासारखी नाही. हात थरथरतो, पापड लाटता येत नाही. गॅसवर दूध ठेवलेलं विसरते. यंदाच्या ऑर्डरी तिने परत केल्या. इतकी वर्षं जिच्या कुरडया अमरावतीपर्यंत जायच्या ती आता बायकांनी केलेल्या बघत बसते आणि मीठ कमी आहे म्हणते. मुलगी तिला दर्यापूरला न्यायचं म्हणते, ती नाही म्हणते. माझी बदली अमरावतीला झाली आहे, मी रोज जाऊन येऊन करते. बसच्या खिडकीतून दोन्ही गावांतल्या भिंती बघत जाते. जिथे तिथे ते डबे. आणि सगळ्यांना लागणारी वीज कोळसा जाळूनच यायची, तो धूर पुन्हा वर जाऊन पुढचा मे आणखी तापवायचा. पूर्वी हे मला पेपरातलं वाटायचं. आता प्रत्येक डब्याच्या समोर कुणाची खिडकी आहे ते मी शोधते, आणि बहुतेक वेळा ती असते.

आई, हे कुठे पाठवायचं नाही, हे मला माहीत आहे; पाठवता आलं असतं तर कदाचित पुढचं लिहिलं नसतं. माझी मुलगी आता बारावीला आहे, मेडिकलची तयारी करते. वरच्या तिच्या खोलीत ऑक्टोबरमध्येसुद्धा भाजून निघतं. काल तो एसीवाला माणूस येऊन तिच्या खोलीचं माप घेऊन गेला. टाकी आणि तीन डबे झाल्यावर गच्चीवर आता जागा नाही, म्हणाला, मागच्या भिंतीला बसेल. मागच्या अंगाला टिनाच्या एका खोलीत नवी भाडेकरीण आली आहे, तिच्या कडेवर तान्हं मूल असतं. मी तिचं नावही अजून विचारलेलं नाही. तो पेन्सिल हातात घेऊन उभा होता. मी नाही म्हटलं नाही. उद्या सांगते म्हटलं.