खडूची फुली

छकुले,

वेल्डिंगच्या मास्कची काच तडकलेली, म्हणून तू त्यावर खडूने फुली मारलीस, फोटो ग्रुपवर टाकलास, आणि संस्थेची बदनामी केली म्हणून तुला काढलं. प्राचार्यांनी दरडावून विचारलं, "हे कुणी शिकवलं?" तू माझं नाव घेतलं नाहीस. मोडक्या वस्तूवर आधी फुली मारायची, हा पहिल्याच दिवशीचा धडा माझाच. तरी मी मूग गिळून बसलो. वर तुझ्या आईला म्हणालो, "ताई, पोरगी फार तोंडाळ झालीय."

आज तोच मास्क खुंटीवर दिसला, फुली पुसलेली. एका नव्या मुलीने उचलून विचारलं, "सर, हा चालेल ना?"

खिशात खडू होता. मी म्हणालो, "चालतंय."

हे पत्रही खिशातच राहील.

सर म्हणवून घ्यायला लाजणारा,
तुझा मामा