वल्लरी मॅडमनी विचारलं नाही

३ फेब्रुवारी
निमगाव केतकीच्या या दूध शीतकरण केंद्रात एकोणीस वर्षं सुपरवायझर आहे मी. इन्चार्जची खुर्ची मात्र मिळाली वल्लरीला. वय अठ्ठावीस! मी जळत वगैरे अजिबात नाही. छातीत होतंय ती ॲसिडिटी. पिंपळी गावच्या लग्नातली भजी.
ठराव: पूर्ण सहकार्य. फक्त विचारलं तरच सांगायचं.

७ फेब्रुवारी
मॅडमचा नवा नियम. शिफ्ट संपली की रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा. मी रोज टाकतो: ऑल ओके.
इंदापूरचा टँकर दोन तास उशिरा येणार, असा फोन मला आला होता. बाईंनी विचारलं नाही. उभ्या राहिल्या फाटकात, उन्हात. शिकतील हळूहळू.

११ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
मेकॅनिक दत्तोबा घरी जाता जाता सांगून गेला, सायेब, अमोनियाचा वाल गळाय लागलाय, डोळं चुरचुरत्यात, मॅडमला आजच सांगा. सांगतो म्हणालो.
मग आठवलं. परवाच्या मीटिंगमध्ये बाईंनी दत्तोबाचं कौतुक केलं. माझं नावसुद्धा नाही.

६.२०
ग्रुपवर टाकलं: ऑल ओके.
उद्या बारामतीहून साहेब पाहणीला येतायत. जाऊ दे वास त्यांच्या नाकात. खुर्ची कोणाला द्यायला हवी होती ते कळेल. एका दिवसानं काय होतंय?

१२ फेब्रुवारी
साहेब आलेच नाहीत.
सकाळी सातला वॉल्व्ह फुटला. रात्रपाळी संपूनही दत्तोबा मशीन रूममध्येच होता.

१५ फेब्रुवारी
त्याचे दोन्ही डोळे गेले.
चौकशीत सांगितलं, मला काही माहीत नाही, ग्रुप बघा. पुरावा आहे. बाई रडत होत्या. फारच भावनिक.
दवाखान्यात त्याची बायको द्वारकाबाई म्हणाली, ह्यांनी तुमास्नी सांगितलं व्हतं म्हणत्यात. मी म्हणालो, गुंगीत बोलतोय तो. दत्तोबा जागाच होता. माझ्या आवाजाकडं तोंड फिरवलं. फळं तिथंच ठेवून आलो.

१ मार्च
वल्लरीची बदली. इन्चार्ज मी! देर आये दुरुस्त आये.
ठराव: सगळ्यांशी मोकळं बोलायचं. पेढे नेले. एकानंही उचलला नाही. सगळ्यांना शुगर असावी.

४ मार्च
ग्रुपवर विचारलं, नवा वॉल्व्ह नीट बसलाय ना? अकराही जणांनी वाचलं. अकराही जणांचं उत्तर एकच: ऑल ओके.
मशीन रूमच्या दाराशी उभा आहे. डोळे चुरचुरतायत. खरंच वास येतोय की मलाच वाटतंय, विचारायचं कोणाला?