न जाता केलेली तपासणी

गुरुवार, संध्याकाळ

आज कळमेश्वरला जाऊन आले. आमच्या कंपनीचे बाद झालेले इन्व्हर्टर जिथे तोडायला जातात, त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाय ठेवला. आणि मागच्या वर्षी 'प्रत्यक्ष तपासणी केली, सर्व नियमानुसार आहे' असं लिहून सही करणारी मीच! तेव्हा साहेब म्हणाले होते, शेडवाल्यांचे फोटो आलेत ना, मग कशाला जायचं? मलाही ते बरंच वाटलं.

फोटोतलं तोडायचं मशीन कोपऱ्यात उभं होतं. त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मागच्या अंगणात एक बाई हातोडीनं आमचेच इन्व्हर्टर फोडत होती. हातमोजे नाहीत, बोटं काळी. मी विचारलं, "मशीन बंद आहे का?"

"ते चालूच नाही झालं कधी, मॅडम. आम्हीच हातानं फोडून राहिलो. खोकला लय येते."

ते प्लास्टिक फोटोत नीट पाहिलं असतं, तर तेव्हाच दिसलं असतं. की दिसलं होतं?

ऑफिसात येऊन साहेबांना सांगितलं, यंदा मी सही करणार नाही. ते म्हणाले, "मग मागच्या वर्षी कशी केली?" मी जागेवर येऊन प्रदूषण मंडळाला मेल लिहिला: मागची तपासणी खोटी होती, मी गेलेच नव्हते. खाली स्वतःचं पूर्ण नाव घालून पाठवून दिला.

आता शेड बंद झालं, तर त्या बाईचं कामही जाईल. आणि मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही.