सहा ध्रुव, हजार फेरे

३ मार्च
बोट लागली. माझ्या बायकोनं, आलिसानं, पोट सांभाळत आधी घर नाही, माड बघितले. ताजी, न आंबलेली माडी मिळणार म्हणून बाईसाहेब खूश. मीही खूश, बेटाचं वीजघर आता माझं. जनरेटर सहा ध्रुवांचा. मिनिटाला हजार फेरे दिले की वीज सेकंदाला पन्नासदा पालटते, हवी तशी. जुना चार ध्रुवांचा होता, त्याला पंधराशे लागायचे. ध्रुव वाढले की फेरे कमी करायचे, एवढं सांभाळलं की झालं.

९ मार्च
जेवून आलो तर वीज किती वेळा पालटते ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा पन्नासऐवजी पंचाहत्तरवर. वेगाचा दांडा कुणीतरी पंधराशेवर नेलेला. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आत केवड्याच्या पानात वळलेल्या विडीचा वास. मी विडी ओढत नाही.

१५ मार्च
रोज तेच. शेवटी गावाचे मुखिया लोपातीकाका यांना गाठलं. त्यांनी सांगितलं, माझ्या आधी हे वीजघर पेनिताला नावाचा माणूस चालवायचा, केवड्याच्या विड्या ओढणारा. खात्यानं नवा जनरेटर धाडला, पण ध्रुव बदललेत हे सांगायची तसदी घेतली नाही. मीटरही दिला नाही. तो जुन्या सवयीनं पंधराशेवरच चालवत राहिला. दवाखान्यातलं प्राणवायूचं यंत्र जळलं. त्यावर त्याचीच बायको होती, सिलिगा. ती गेली, आणि मग खात्याकडून काकांना खरं कारण कळलं.

त्याला कधीच सांगितलं नाही का, मी विचारलं. काका म्हणाले, "तोही तोवर अंथरुणाला खिळलेला. मरणाऱ्याला कशाला डागण्या द्यायच्या रे? म्हटलं, देवाची मर्जी." मीटर आला तो त्याला पुरल्यावर. वरातीमागून घोडं. संताप येतो नुसता.

२० मार्च
बाळ अवेळी आलं. मुलगी. दवाखान्यात तसल्याच यंत्रावर आहे. मी दांडा सोडत नाही. डाव्या हातानं लिहितोय.

२१ मार्च, दुपार
दांडा वर रेटला जातोय. विडीचा वास मानेपाशी. पेनिताला वाईट माणूस नाही. त्याला वाटतं मीच चुकतोय, म्हणून पंधराशे, पुन्हा पंधराशे—

सांगावंच लागेल. मेल्यावरही डागण्या—

सांगितलं. पेनितालाकाका, सहा ध्रुव आहेत. तुमच्या पंधराशेनंच यंत्र जळलं. सिलिगाकाकू त्यानं गेल्या.

दांडा खाली आला. हजार. पन्नास. मी रडलो.

वास जात नाही. नऊशे— नको काका, हजारावर राहू द्या. सातशे. आपल्याच हातानं काकू गेल्या म्हणून ते सगळं बंदच करायला दांडा खाली ओढतायत, माझ्यानं वर जात नाही. कुणीतरी हुंदके देतंय, मी नाही. दिवे तांबडे झाले. पाचशे.

काका, काकू गेल्या हो, पण माझी पोर अजून—