विरघळलेली अंडी

प्रिय चष्मिस,

आठ महिन्यांनी लिहिते आहे म्हणून फुगून पत्र बाजूला ठेवू नकोस. आधी वाच, मग हवी तेवढी फूग.

तू बनवलेली जंत-तपासणीची पट्टी खरी की खोटी, हे ठरवायला माझ्या सूक्ष्मदर्शकाला पंच नेमलं होतं. रक्त पिणाऱ्या जंताची अंडी शौचाच्या नमुन्यात असली तर मला दिसणारच, तीस वर्षं हेच करते आहे. एकतीस माणसांना जंत आहेत असं तुझी पट्टी म्हणाली आणि माझ्याकडच्या नमुन्यांच्या काचा स्वच्छ निघाल्या. भर बैठकीत मी म्हणाले, हिची पट्टी म्हणजे होस्टेलातला हिचा स्वयंपाक, नुसता दिसायला छान. सगळे हसले. तू चष्मा पुसत बसलीस.

गेल्या महिन्यात त्या एकतिसांतली एक बाई दवाखान्यात आली. ओठ पांढरेफटक, दोन पायऱ्या चढून धाप. म्हणाली, "तुम्हीच काही नाही म्हणालात ना बाई, म्हणून गोळी दिली नाही मला." तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. काचेवरच्या ग्लिसरिनमध्ये ही अंडी तासाभरात विरघळू लागतात, हे मीच प्रयोगशाळेतल्या पोरींना शिकवते. आणि आमच्या काचा सकाळी गावात तयार व्हायच्या, आमच्या दवाखान्याच्या साहेबांचं जेवण उरकलं की त्यांच्या जीपमधून यायच्या. तीन तासांनी! मी घड्याळ न बघता सह्या ठोकत होते.

सूक्ष्मदर्शक उचलून गावातल्या शाळेच्या ओट्यावर मांडला. त्याच एकतीस जणांचे नवे नमुने अर्ध्या तासाच्या आत पाहिले. सव्वीस जणांत अंडी. त्याच काचा तीन तासांनी पुन्हा पाहिल्या, तर चारच जणांत उरलेली. साहेब म्हणाले, "बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेता?" म्हटलं, तोंड माझं आहे, साहेब. गोळ्या त्याच दिवशी वाटल्या, परवानगी न विचारता.

गुरुवारी समिती तुझी पट्टी कायमची बाद करणार आहे, माझ्या सहीच्या जोरावर. ती सही मी मागे घेते आहे. सोबत सगळ्या नोंदी आहेत, दोन्ही वेळांसकट, खाली माझं पूर्ण नाव. समितीपुढे मोठ्यानं वाच. माझी चूक आली की दयेनं आवाज खाली आणशील, तुला ओळखते मी. खबरदार! कुणी शंका काढलीच तर दार उघडायला सांग. मी बाहेर बाकावर बसलेली असेन.

तुझीच,
होस्टेलातली भांडकुदळ