दूधगाडीला गावागणिक एक रेस मिळावी म्हणून

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
शेवंता दूध संकलन संघ, हुलसूर.

विषय : दुबलगुंडी फेरीत प्रत्येक गावी एक वेळ रेस करण्याच्या परवानगीबाबत.
संदर्भ : डिझेल बचतीचा आपला आदेश व त्यामागून आलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार सिद्धप्पा, दूधगाडीचा ड्रायव्हर, याचे सविनय निवेदन की, पूर्वी गाव आले की तो गाडी उभी करून ॲक्सिलरेटर दाबी व दणक्यात रेस करी. ती ऐकूनच बायका किटल्या घेऊन रस्त्यावर येत. तोवर इंजिन चालूच. डिझेल जळे, हे अर्जदार नाकबूल करीत नाही.

आदेश येताच त्याने रेस सोडली, करकचून ब्रेक मारणे सोडले, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवले. ॲव्हरेज वाढले. पण गाडी आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ताच न्हाई! दूध घरातच नासते. हॉर्न वाजवावा तर तो ऊसवाले, खडीवाले सारेच वाजवतात. म्हशीसुद्धा मान वळवीत नाहीत. फोन घरधन्याच्या खिशात आणि घरधनी शेतात.

निरुपायाने अर्जदाराने घंटा वाजवली. जंगमस्वामी भिक्षेला आले समजून बायकांनी सुपातून ज्वारी आणून गाडीत ओतली. ती संघात उतरवताना आपण जे बोललात, ते अर्जात लिहिण्याजोगे नाही. मग हाका मारल्या, घसा बसला. आता दुधासाठी तीच फेरी दोनदा मारावी लागते. म्हणजे ॲव्हरेजही वाढले अन् डिझेलही वाढले! वर दूध घटल्याचा ठपका ठेवून गाडी काढून घेण्याची नोटीस. धरले तर चावते, सोडले तर पळते. गाडी गेल्यावर अर्जदाराने घरी काय तोंड दाखवावे, साहेब?

तरी गावात शिरताना क्षणभर एकच रेस करू द्यावी. इंजिन लगेच बंद होईल. बाकी शिस्त मोडल्यास खुशाल कान धरावा.

दुबलगुंडीच्या मल्लव्वा या आपल्या सख्ख्या मावशी. त्यांचे दूध चारदा नासले. त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत : "त्याला म्हणावं, सुट्टीला यायचास तवा मी अंगणातून वरडल्याबिगर जेवायला येत न्हवतास. मग आमी हाक न ऐकता दूध घेऊन कामून यावं?"

गाडी हळू, पण उत्तर लवकर, या आशेवर,

आपल्या आदेशात अडकलेला,
सिद्धप्पा
दुबलगुंडी, १० नोव्हेंबर २०२५

सोबत : मल्लव्वांच्या घरचे नासलेले दूध, एक किटली. झाकण जपून उघडावे. किटली मावशींनी परत मागितली आहे. आपण स्वतः आणून द्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे.